कुशीवरची जागा

"अरे, झोप ना दोन मिनिटं. तुझा काही कोट नाहीये खराब व्हायला."

हे बर्वे साहेब मला मराठीत म्हणाले. हळूच. बाकी सगळी मीटिंग इंग्रजीत चालली होती. हे तेवढं मराठीत. माझ्यासाठी खास.

अबुधाबी. अकरावा मजला. लांबलचक टेबल, त्याच्याभोवती नऊ माणसं. काचेतून समुद्र दिसत होता. मी भिंतीला टेकून, काखेत ड्रॉइंगच्या गुंडाळ्या धरून उभा होतो. खुर्च्या दहा होत्या. एक रिकामी होती. मला कुणी बस म्हटलं नव्हतं आणि मीही बसलो नव्हतो.

मी ड्राफ्ट्समन. आयटीआय केलेला. बर्वे साहेब आमच्या कन्सल्टन्सीचे मॅनेजर. जहाजांचे आराखडे, दुरुस्तीची कामं, परवानग्यांची कागदपत्रं असलं आमचं काम. त्या वर्षी आमच्याकडे एक वेगळंच काम आलं होतं. समुद्रातल्या बेटांवर तेलाची कामं चालायची. तिथले मजूर बोटीनं जायचे-यायचे. सात-आठ तासांचा प्रवास. या बोटींसाठी नियमावली करायची होती. एका माणसाला बोटीवर किती जागा द्यायची, हा त्यातला मुख्य मुद्दा. त्यासाठी समिती नेमली होती. बोटीच्या कंपन्यांचे लोक, कॉन्ट्रॅक्टर, सरकारी खात्याचे दोघे, सल्लागार म्हणून एक म्हातारा इंग्रज कॅप्टन. मसुदा आणि नकाशे आमच्याकडे. म्हणजे मसुदा बर्वे साहेबांकडे. नकाशे माझ्याकडे.

कॅप्टन म्हणत होता, दर माणसी चोवीस इंच रुंदी. बोटवाला म्हणत होता, चोवीस शक्य नाही, बोटी दुप्पट लागतील. मग तो म्हणाला, मुळात हे लोक प्रवासी नाहीतच. प्रवासी म्हणजे ज्यानं तिकीट काढलं तो. यांनी कुठे तिकीट काढलंय?

यावर तासभर चर्चा झाली. खरंच तासभर. चहा आला, गेला. शेवटी ठरलं की 'प्रवासी' हा शब्द वापरायचा नाही. 'बोटीवरील कामगार' म्हणायचं. साहेबांनी माझ्याकडे बघून बोटानं खूण केली. मी पुढे झालो आणि नकाशाच्या मथळ्यातला 'पॅसेंजर' शब्द लाल पेनानं खोडला. माझ्या हातानं.

मग कुणीतरी म्हणालं, इंच इंच काय बोलताय, प्रत्यक्ष बघू या की. एक माणूस झोपवून मापू या.

खोलीत माझ्याशिवाय नऊ माणसं होती. त्यांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी झोपलो.

गालिच्याला शाम्पूसारखा वास होता. टेबलाखालून सगळ्यांचे बूट दिसत होते. एकानं बूट काढून पाय मोकळे सोडले होते. त्याच्या मोज्याला भोक होतं. हे मला आजही आठवतं. माझ्या दोन्ही बाजूंनी गालिच्यावर कागदी चिकटपट्टी लावली. "एकवीस," कुणीतरी मोजून म्हणालं.

"पण माणसं कुशीवर झोपतात ना?" बोटवाला म्हणाला.

"कुशीवर हो जरा," बर्वे साहेब.

मी कुशीवर झालो. कुणी धरून वळवलं नाही. मीच वळलो. गुडघे आपोआप पोटाशी आले. तर साहेब म्हणाले, "पाय सरळ ठेव, लांबीत फरक पडतो." मी पाय सरळ केले.

तेरा इंच भरले. तीन इंच मोकळे सोडू, असं ठरलं. सोळा. नवी पट्टी लावली. बोटवाल्यानं वाकून मला विचारलं, "कम्फर्टेबल?"

मी म्हणालो, "येस सर."

जमिनीवर पडून. येस सर.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरवर डेकचा नकाशा काढला. एक माणूस काढला. कुशीवर, पाय सरळ. रुंदी सोळा इंच. मग त्याची कॉपी. कॉपीची कॉपी. उताणे झोपवले असते तर एकशे पाच बसत होते. कुशीवर एकशे अडतीस बसले. स्क्रीनभर मीच. एकाच बाजूला तोंड करून. एकशे अडतीस वेळा मी.

प्रिंट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. "गुड, क्लीन काम आहे," साहेब म्हणाले.

बर्वे साहेब वाईट माणूस नव्हते. हे लिहायलाच हवं. मुंबईत इंटरव्ह्यू त्यांनीच घेतला होता. माझं ड्रॉइंग बघून खूश झाले. गाव विचारलं. मी खाडीकाठचं आमचं गाव सांगितलं. "अरे वा, कोकणातले तुम्ही! वाडी कुठली?"

कोकणात वाडी विचारली की सगळं कळतं. मी म्हणालो, "बौद्धवाडी."

"अच्छा, अच्छा. आम्ही काही मानत नाही तसलं." आणि तिथपासून मला 'तू' म्हणायला लागले. त्याआधी पाच मिनिटं मी 'तुम्ही' होतो.

पण व्हिसा त्यांनीच काढून दिला. दोन वर्षं मी त्या उपकाराच्या ओझ्याखाली होतो. माझ्या घरच्या प्रत्येक पत्रात त्यांचा उल्लेख असायचा. साहेब बरे आहेत ना. साहेबांना नमस्कार सांग.

लहानपणी आमच्या खाडीत होडी चालायची. आई मोळी घेऊन पलीकडच्या बाजाराला जायची. मी बरोबर. होडीत फळ्यांवर गावची मंडळी बसायची. आम्ही मागे उभे, जिथे गळतीचं पाणी साचायचं तिथे. आईनं लुगडं आवरून धरायचं, कुणाला लागू नये म्हणून. आणि गर्दी झाली की नावाडी आधी आम्हालाच उतरवायचा. आम्ही पहिले आलेलो असलो तरी. आई चिखलात मोळी टेकायची आणि म्हणायची, "पुढची येईल." पुढचीही भरायची. मग तिच्या पुढची. मी ते दोन शब्द घेऊन वाढलो. पुढची येईल. शाळेत, आयटीआयमध्ये, नोकरीत. कुणी उतर म्हटलं की उतरायचं.

इलेक्ट्रा स्ट्रीटला मी बेडस्पेसवर राहायचो. तिकडे खोली भाड्यानं मिळत नाही आमच्यासारख्याला, बेड मिळतो. एका खोलीत सहा जण. दोघं केरळचे, तिघं पाकिस्तानी, मी. सगळ्यांच्या पाळ्या वेगळ्या. कधीकधी आठवडाभर कुणाशी धड बोलणं व्हायचं नाही. शुक्रवारी सुट्टी. मी बसनं समुद्रकाठच्या कॉर्निशला जायचो, बाकावर बसायचो, परत यायचो. घरी फोन केला की बायको विचारायची, "बरे आहात ना?" मी म्हणायचो, "मजेत." झोपायला लावल्याचं मी तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही. खोलीत कुशीवर वळलो की जाग यायची.

महिन्याभरानं एका शुक्रवारी साहेबांनी मला खलिफा सिटीतल्या त्यांच्या व्हिलावर बोलावलं. काही प्रिंट घरी हवे होते. मी बस बदलत, उन्हात चालत पोचलो. वहिनींनी दार उघडलं. "या ना, या." हॉलमध्ये दोन-तीन मराठी कुटुंबं जेवायला आलेली. श्रीखंडाचा वास. मी गुंडाळी हातात घेऊन दाराशी उभा.

साहेबांची मुलगी आठ-नऊ वर्षांची. तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "बाबा, इज धिस द अंकल हू स्लेप्ट ऑन द फ्लोअर?"

सगळे हसले. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी तो किस्सा घरी सांगितला होता. पाहुण्यांनाही.

"अगं, असं बोलू नये," वहिनी म्हणाल्या. त्यांचाही चेहरा हसराच.

"सॉरी अंकल," पोरगी म्हणाली. तिचा काय दोष.

वहिनींनी जेवून जा म्हणून आग्रह केला. मी पोटात बरं नाही म्हणालो. बाहेर आलो. बसस्टॉपपर्यंत सावली नव्हती. बस बराच वेळ आली नाही. त्या लांब रस्त्यावर मी एकटाच उभा होतो आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या, उन्हानं नाही.

त्यानंतर मी बोटीवर गेलो. नकाशातले चार खांब आणि प्रत्यक्षातले खांब जुळत नव्हते. साहेब म्हणाले, जाऊन माप घेऊन ये. मुसफ्फाच्या जेट्टीवरून पहाटेची नमाज झाल्यावर बोट सुटली. खलाशानं माझे ऑफिसचे कपडे बघून मला वरच्या केबिनमध्ये बसायला सांगितलं. तिथे एसी होता. मी थोडा वेळ बसलो. मग टेप घेऊन खाली गेलो.

खाली मजूर होते. रात्रपाळी करून थेट आलेले. छत इतकं खाली की बसलं तर डोकं लागायचं, म्हणून सगळे आडवे. ओळीनं. एका बाजूला तोंड करून. मी काढलेल्या नकाशासारखे. फक्त यांना घाम येत होता. कुणी खोकत होता. एकाचा हात दुसऱ्याच्या तोंडावर होता आणि दोघंही झोपेत होते.

नियम अजून झाला नव्हता. पण माणसं आधीच तशी झोपत होती. आम्ही फक्त त्याला कायद्याचं नाव देत होतो.

मी खांब मोजायला लागलो. ओळीतला एक जण जागा होता. पन्नाशीचा. सळई बांधणारा कामगार, नाव सुभान, तेलंगणातल्या निजामाबादकडचा. त्यानं मला विचारलं, "कंपनी के हो क्या?"

"नहीं. नक्शा बनाता हूँ."

"इसका? इस जगे का?"

"हाँ."

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. तो अंग चोरून मागे सरकला. शेजाऱ्याला कोपरानं हलवलं. हातभर जागा झाली.

"आओ. दबके सो जाओ. लंबा सफर है."

त्यानं त्याच्या सोळा इंचांतून मला जागा दिली. मी शर्ट-पँटमध्ये, खिशाला पेन लावलेला, त्यांच्यात झोपलो. थोड्या वेळानं माझा हात बधिर झाला. मी हालचाल करायला लागलो तर सुभान म्हणाला, "अकेले नक्को पलटो भाई, नहीं होता. बोलना पड़ता." आणि त्यानंच आवाज दिला, "पलटो!"

ती सगळी ओळ पलटली. तीसेक माणसं. झोपेतच. एकानं कुरकुर केली नाही. माझा एक हात दुखत होता म्हणून तीस माणसं वळली.

मी रडलो. सुभानकडे पाठ होती म्हणून बरं. अकराव्या मजल्यावर नऊ माणसं होती, चांगली शिकलेली, आणि त्यांच्यातला एकही माझ्यासाठी जागचा हलला नव्हता. मी तिथे एकटा वळलो होतो. साहेबांच्या एका शब्दावर वळलो होतो. आणि वर येस सर म्हणालो होतो. तो 'येस' आता या सगळ्यांच्या अंगावर कायदा होऊन पडणार होता. समितीच्या कागदात लिहिलंच होतं, की प्रत्यक्ष चाचणी घेतली, सोळा इंच जागा आरामदायक असल्याचं आढळलं. आढळलं म्हणजे कुणाला? मला.

माझा अपमान माझ्यापुरता नव्हता. हे मला त्या बोटीच्या पोटात कळलं.

शेवटची मीटिंग. या वेळी खात्याच्या दोघांपैकी एकाच्या जागी मुदीर, म्हणजे खात्याचे संचालक, स्वतः आले होते. शुभ्र कंदुरा, म्हणजे पायघोळ अरबी झगा घातलेले, शांत गृहस्थ. साहेब कलमं वाचून दाखवत होते. जागेचं कलम आलं. मुदीरांनी विचारलं, सोळा इंच म्हणजे नेमकं किती? बर्वे साहेब हसत उठले. "वी विल शो यू, सर." आणि माझ्याकडे वळले.

"चल रे. मागच्यासारखं."

मी जागेवरून हललो नाही.

"अरे, चल ना. सगळे थांबलेत."

"साहेब, मी झोपणार नाही."

मराठीतच बोललो. साहेबांचा चेहरा क्षणभर कोरा झाला. मग ते मुदीरांकडे बघून पुन्हा हसले आणि इंग्रजीत म्हणाले, याची पाठ दुखतेय, सर.

मुदीरांना वाईट वाटलं. त्यांनी स्वतः हातानं खूण करून ती रिकामी खुर्ची माझ्याकडे ढकलायला लावली. "प्लीज, सिट."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी बस म्हणत होतं. ते पाठ दुखते म्हणून. मी बसलो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं. नोकरी राहिली असती, साहेबांची अब्रू राहिली असती. दुसरं कुणी झोपलं असतं. पॅन्ट्रीतला चहावाला झोपला असता.

"माय बॅक इज ओके, सर," मी म्हणालो. मग जमेल तशा इंग्रजीत बोललो. माझी पाठ दुखत नाही. मागच्या वेळी मी आरामात आहे असं म्हणालो, ते खोटं होतं. मी बोटीवर जाऊन आलो. तिथे एका माणसाला कूस बदलायची तर सगळ्या ओळीला बदलावी लागते. सोळा इंच बघायचे असतील तर इथल्या कुणीही झोपावं. मिस्टर बर्वे यांनी झोपावं.

कॅप्टननं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्याकडेच बघत बसला. तो बोलेल असं मला वाटलं होतं. बोटवाला कागद चाळत होता. मुदीरांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. मग ते शेजारच्याशी अरबीत दोन शब्द बोलले आणि म्हणाले, "खलास. नेक्स्ट पॉइंट."

नऊपैकी कुणीही खाली झोपलं नाही. कलम सोळा इंचांवरच मंजूर झालं.

संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. रागावले नाहीत. तेच जास्त लागलं.

"मी तुला काय कमी केलं रे?" ते म्हणाले. "घरी बोलावलं. आमच्यातलाच मानलं. आणि तू मला सगळ्यांसमोर जमिनीवर झोपा म्हणतोस?"

"तुम्ही मला म्हणालात तेव्हा, साहेब?"

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

उत्तर दोघांनाही माहीत होतं. त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. माझी पाठ दुखत होती, त्या त्रासात मी काहीबाही बोललो, मला खेद आहे. खाली माझं नाव. सहीपुरती जागा.

"सही कर. व्हिसा कॅन्सल होणार नाही याची जबाबदारी माझी. नाहीतर माझ्या हातात काही नाही."

मला बायको आठवली. धाकट्या मुलीची शाळा आठवली. गावात सगळ्यांना मी दुबईला आहे असंच वाटायचं, अबुधाबी कुणाला माहीत नव्हतं. परत गेलो तर काय सांगणार?

मी पेन काढला. टाइप केलेल्या सगळ्या ओळींवर आडवी रेघ मारली. खाली मराठीत लिहिलं, 'माझी पाठ दुखत नव्हती. मी माणूस आहे, म्हणून मला झोपायचं नव्हतं.' आणि सही केली. पूर्ण नाव लिहून, बापाच्या नावासकट. कागद त्यांच्याकडे फिरवून ठेवला, त्यांना सुलटा वाचता येईल असा.

पंधरा दिवसांत मी परत आलो. कुणी सोडायला आलं नव्हतं. सुभान पुन्हा कधी भेटला नाही. त्याला हे काहीच माहीत नसेल. घरी आल्यावर शाबासकी कुणी दिली नाही. भावानं विचारलं, "एवढं काय बिघडलं असतं?" बायकोनं ताट वाढताना माझ्याकडे पाहिलं नाही. दीड वर्ष मी धड काम नसलेला माणूस होतो. संध्याकाळी खाडीवर एकटाच जाऊन बसायचो.

मी नियम थांबवू शकलो नाही. बोटी अजून चालत असतील. माझ्या हातच्या नकाशावरून कुणीतरी माणसं ओळीनं लावत असेल. ते माझ्या डोक्यावर आहेच आणि ते मी कुणाकडून माफ करून घेणार नाही.

पण जमिनीवरची ती जागा माझ्या बापजाद्यांनी पुष्कळ वापरली. मी वापरली, त्या दिवसापर्यंत. आता माझ्या मुलींना मी एवढंच सांगितलंय, की कुणी खाली बस म्हटलं, सरक म्हटलं, झोप म्हटलं, तर आधी का ते विचारायचं. मोठ्यानं विचारायचं. आणि उत्तर मिळेपर्यंत उभं राहायचं. नोकरी गेली तर जाऊ दे. माझी गेली आहे. माणूस तेवढ्यानं मरत नाही.